एक न झालेलें भाषण

रॉबर्ट मेनासे या ऑस्ट्रियन ग्रंथकारांची ‘राजधानी’ ही कादंबरी २०१७ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं तिला ‘जर्मन ग्रंथ-पारितोषिक’ मिळालें, आणि जेमी बुलॉक यांनीं केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर २०१९ सालीं वाचकांच्या हातीं आलें. एवढ्या अवधीनंतर तिचें परीक्षण करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील तर त्यास आमचें उत्तर असें कीं, या ग्रंथाशीं आमचा एक हिशेब चुकता व्हावयाचा राहिला आहे. राष्ट्र मोठें कीं राष्ट्रांचा संघ मोठा, या वादांत ज्या ग्रंथकाराचे आम्ही मनानें पक्षपाती होतों, त्यांनींच आपल्या पक्षाची बाजू एका खोट्या कागदावर उभी केली; आणि तो कागद कांहीं काळ आमच्याहि खिशांत होता. तें पुढें सांगूंच. आधीं कादंबरीविषयीं.

कादंबरीचा विषय म्हणजे एक कचेरी. २५ मार्च १९५७ रोजीं रोम येथें फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनीं करारावर सह्या करून जो आर्थिक संघ स्थापिला, त्याचाच पुढें वाढत वाढत २७ राष्ट्रांचा युरोपीय संघ झालेला आहे. या संघाचा कारभार पाहणारा आयोग ब्रुसेल्स शहरीं असतो. तेथील अधिकारी कोणत्या ना कोणत्या राष्ट्राचा नागरिक असतोच; पण स्वतःच्या राष्ट्राची आज्ञा न मानणें ही त्याच्या नोकरीची पहिली अट. उलटपक्षीं, त्याच शहरांत राष्ट्रांच्या मंत्र्यांची परिषद भरते, आणि तेथें येणारा मंत्री स्वराष्ट्राच्या हिताखेरीज दुसरें कांहीं बोलला तर घरीं गेल्यावर त्याला जाब द्यावा लागतो. संघाच्या पोटांत असलेला हा विरोध घटनाशास्त्राच्या पुस्तकांत फार रुक्ष वाटतो. मेनासे यांनीं तो सरकारी टिपणांतून काढून माणसांच्या अंगांत घातला, ही त्यांची खरी कामगिरी होय.

ग्रंथाचा आरंभ एका डुकरानें होतो. ब्रुसेल्सच्या भरवस्तींतून एक डुक्कर धांवत जातें. कोणी तें येथून पाहतो, कोणी तेथून, आणि अशा रीतीनें एकमेकांशीं कांहींएक संबंध नसलेलीं पात्रें आरंभींच एका धाग्यांत ओंवलीं जातात. पुढें एक वृत्तपत्र त्या डुकराचें नांव ठेवण्यासाठीं वाचकांची मतें मागवितें, व लोकमत मागविण्याचा जो परिणाम व्हावयाचा तो होतो. फेनिया झेनोपूलू ही सायप्रसची ग्रीक बाई आयोगाच्या संस्कृति-खात्यांत बदलून आलेली आहे. संस्कृति-खातें म्हणजे जेथें पैसा नाहीं, अधिकार नाहीं, आणि ज्याचें नांव निघतांच इतर खात्यांतील लोक हंसूं लागतात असें खातें; तेव्हां येथून केव्हां एकदां सुटेन असें तिला झालेलें आहे. (महाविद्यालयांतील आमच्या सहकाऱ्यांस या ठिकाणीं आपल्या भाषा-विभागाची आठवण होईल.) आयोगाचा सुवर्णमहोत्सव येतो, त्याचें काम तिच्या गळ्यांत पडतें, आणि तिच्या हाताखालचा मार्टिन झुसमान हा ऑस्ट्रियन अधिकारी एक कल्पना काढतो. उत्सवाच्या मध्यभागीं ऑशविट्झ ठेवावें! पोलंडांतील ज्या छळछावणींत सुमारें ११ लक्ष मनुष्यांचा, बहुतेक ज्यूंचा, संहार झाला, तेथेंच ‘हें पुन्हां होऊं देणार नाहीं’ या निश्चयाचा, म्हणजेच संघाचा, जन्म झाला असें जगास सांगावें.

ही कल्पना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातांना तिची जी गत होते ती मुळांतच वाचावी. प्रत्येक स्तुतीबरोबर ती थोडी थोडी मरते, आणि शेवटीं राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या हातीं पडून नाहींशी होते. तिच्या जोडीला डुकरांच्या व्यापाराचें उपकथानक आहे. झुसमानचा भाऊ डुकरें पाळणाऱ्यांचा पुढारी. चीनला युरोपांतील डुकरांचे कान हवे आहेत. संघानें एक होऊन सौदा केला तर सर्वांनाच किफायत, पण प्रत्येक राष्ट्राला आपला वेगळा सौदा करावयाचा आहे. सार्वभौमत्व हा शब्द व्यासपीठावर कितीहि भव्य वाटो, बाजारांत तो कित्येकदां डुकराच्या कानाएवढाच असतो, हें मेनासे उपदेशाचा आव न आणतां दाखवितात. विनोद व विचार यांचा असा मिलाफ अलीकडच्या राजकीय कादंबऱ्यांत आम्हांस फारसा आढळला नाहीं.

परंतु ग्रंथाचें हृदय या कचेरींत नाहीं; तें दाव्हिड दे फ्रीन्ड या वृद्धाच्या पात्रांत आहे. हा ऑशविट्झमधून वांचलेला. तरुणपणीं छावणीकडे जाणाऱ्या आगगाडींतून त्यानें उडी टाकली होती. आईबाप गाडींतच राहिले. आतां राहतें घर सोडून तो वृद्धांच्या आश्रमांत आला आहे, आणि घरांतील एक एक दिवा मालवावा तशी त्याची स्मृति मालवत चालली आहे. इकडे कचेरींतील लोक स्मृतीचा महोत्सव करण्यासाठीं टिपणें लिहीत आहेत. तिकडे त्याच शहरांत जिवंत स्मृति रोज थोडी थोडी विझत आहे, आणि तिला कोणाच्याहि महोत्सवाची गरज नाहीं. त्याच्या प्रकरणांत मेनासे यांची एरवींची खोचक भाषा एकदम साधी होते. हीं पृष्ठें आम्हीं दोनदां वाचलीं, दुसऱ्या वेळीं अधिक सावकाश.

तिसरें महत्त्वाचें पात्र म्हणजे व्हिएन्नाचे निवृत्त अर्थशास्त्राध्यापक आलोइस एरहार्ट. विद्वानांच्या एका मंडळापुढें ते अशी सूचना मांडतात कीं, युरोपची नवी राजधानी ऑशविट्झ येथेंच बांधावी. मंडळी त्यांस वेडगळ समजतात. ग्रंथकार मात्र तसें समजत नाहींत असा आमचा ग्रह झाला. कारण राष्ट्र या संस्थेचें दिवस भरले आहेत, हें एरहार्टचें म्हणणें मेनासे यांचें स्वतःचेंच आहे. २०१३ सालीं उल्रिके गेरो या विदुषींबरोबर त्यांनीं युरोपीय प्रजासत्ताकाचा जाहीरनामाच काढला होता. आणि येथें या कादंबरीचें पहिलें व्यंग दिसूं लागतें. एवढ्या मोठ्या ग्रंथांत ज्याला आपलें राष्ट्र मनापासून प्रिय आहे असा एकहि शहाणा मनुष्य आम्हांस भेटला नाहीं. वामन मल्हार जोशी यांच्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या वाचकाला ही उणीव चटकन् जाणवेल. वामनरावांचीं मतें कोणास पटोत वा न पटोत, प्रतिपक्षाला ते बसावयास चांगली खुर्ची देत.

२३ जून २०१६ रोजीं ब्रिटनमध्यें शेंकडा ५१.९ मतें संघ सोडण्याच्या बाजूनें पडलीं, आणि ३१ जानेवारी २०२० रोजीं तें राष्ट्र संघाबाहेर पडलें. संघ सोडूं म्हणणाऱ्या त्या पावणेदोन कोटींच्या घरांतील मतदारांत परकीयांचा द्वेष करणारे असतील, गतवैभवाचीं स्वप्नें पाहणारेहि असतील. पण आपले कायदे आपण निवडून दिलेल्या, व नको झाल्यास आपणच घरीं बसवूं शकूं अशा माणसांनीं करावे, एवढीच ज्याची इच्छा तो मतदारहि त्यांत होता. आयोगाच्या अध्यक्षाला सामान्य नागरिक थेट मत देऊन काढूं शकत नाहीं, ही त्याची तक्रार खोटी नव्हे. या मनुष्याला ‘राजधानी’च्या एकाहि खोलींत जागा नाहीं. स्वराज्य या शब्दाचा अर्थ ज्यांचे वाडवडील तुरुंगांत जाऊन शिकले, त्या आम्हां लोकांस तर त्याची अनुपस्थिति अधिकच खटकते.

आतां त्या हिशेबाकडे वळूं. वाल्टर हालश्टाइन हे आयोगाचे पहिले अध्यक्ष. १९५८ पासून १९६७ पर्यंत ते त्या पदावर होते. हालश्टाइन यांनीं १९५८ सालीं अध्यक्षपदाचें पहिलें भाषण ऑशविट्झ येथें जाऊन केलें, ही गोष्ट मेनासे यांच्या कादंबरीला आधारभूत आहे. कादंबरींत ती येते तोंवर तक्रारीस जागा नव्हती. पण मेनासे तीच गोष्ट कादंबरीबाहेरहि इतिहास म्हणून सांगत राहिले. शिवाय, राष्ट्राचें विसर्जन हीच युरोपची कल्पना होय, अशा आशयाचीं वाक्यें अवतरणचिन्हांत घालून तीं त्यांनीं हालश्टाइन यांच्या नांवावर दिलीं. हीं वाक्यें कोठेंच सांपडत नाहींत, असें हाइन्रिख आउगुस्ट विंकलर या जर्मन इतिहासकारांनीं २०१७ सालींच जाहीरपणें दाखवून दिलें होतें. २०१८ च्या अखेरीस वृत्तपत्रांनीं प्रकरण धसास लावलें. वाक्यें नव्हतींच. भाषणहि झालेलें नव्हतें. मेनासे यांचा प्रथम पवित्रा असा होता कीं, शब्द नसले तरी आशय हालश्टाइन यांचाच आहे. मग अक्षरांचें एवढें काय? नंतर २०१९ च्या जानेवारींत त्यांनीं क्षमा मागितली. त्याच महिन्यांत जर्मनींतील ऱ्हाइनलंड-पॅलेटिनेट प्रांताच्या सरकारनें त्यांस कार्ल त्सुकमायर पदक अर्पण केलें. ज्या नाटककाराचें सर्वांत गाजलेलें नाटक उसना गणवेष चढवून कप्तान बनलेल्या एका जोडे शिवणाऱ्यावर आहे, त्याच्याच नांवाचें तें पदक असावें, हा योगायोग मेनासे यांच्या कादंबरींत शोभला असता.

तें विसर्जनाचें वाक्य आम्हीं स्वतः वर्गांत सांगितलें होतें. युरोपीय वाङ्मयावरील एका व्याख्यानांत, पूर्ण विश्वासानें, फळ्यावर लिहून. एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, हें कोठें म्हटलेलें आहे?” आम्हीं मेनासे यांचें नांव सांगितलें. ती म्हणाली, “तसें नव्हे, सर. मी विचारलें तें हालश्टाइन हें कोठें म्हणाले म्हणून.” पाहून सांगतों असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली, आणि पाहिलें नाहीं. पुढें सत्य बाहेर आल्यावर वर्गांत चूक कबूल केली खरी. पण तोंवर ती मुलगी पदवी घेऊन निघून गेली होती.

कादंबरीकाराला न झालेलें भाषण रचण्याचा अधिकार नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. ऐतिहासिक नाटकांतील राजे व सेनापति नाटककाराचींच वाक्यें बोलतात, आणि प्रेक्षक तिकीट काढून तीं ऐकावयास जातो. त्यांत फसवणूक कोणाचीच होत नाहीं. व्याख्यानाचें तसें नाहीं. तेथें श्रोता वक्त्याचा शब्द नाण्यासारखा घेतो, वाजवून पाहत नाहीं. पण हा नीतीचा आक्षेप पुष्कळांनीं घेऊन झाला आहे. आमचा आक्षेप विचाराचा आहे. एर्नेस्त रेनां यांनीं ११ मार्च १८८२ रोजीं पॅरिस येथें राष्ट्र म्हणजे काय या विषयावर जें व्याख्यान दिलें, त्यांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, राष्ट्र घडावयाचें तर पुष्कळ गोष्टी विसराव्या लागतात, इतिहासाविषयीं चुकीच्या समजुतीहि बाळगाव्या लागतात. म्हणूनच इतिहाससंशोधन हें राष्ट्रभावनेला कित्येकदां धोक्याचें ठरतें. राष्ट्रें कांहीं चिरंतन नाहींत, त्यांच्या जागीं बहुधा युरोपचा संघ येईल, असें भविष्यहि त्याच व्याख्यानांत आहे. मेनासे यांना रेनांचें भविष्य खरें करावयाचें होतें. पण साधन त्यांनीं उचललें तें राष्ट्रांचेंच. राष्ट्रवादी चरित्रकार जें करितात तेंच त्यांनीं केलें: एक मूळपुरुष निवडला, त्याला पवित्र भूमीवर नेऊन उभा केला, आणि त्याच्या तोंडीं आपणांस हवें तें वाक्य घातलें. राष्ट्र ही रचलेली कथा आहे म्हणून ती टाका, असें सांगणारानें संघासाठीं तशीच कथा रचावी, यांत राष्ट्राचा पराभव कोठें आहे? बखरींतील मजकूर पारखल्यावांचून इतिहास म्हणून स्वीकारण्यास नकार देऊन अस्सल कागदांसाठीं गांवोगांव हिंडणारे राजवाडे ज्या भाषेंत होऊन गेले, तिच्या वाचकांस याहून अधिक सांगावयास नको.

खेदाची गोष्ट ही कीं, खऱ्या हालश्टाइनमध्यें एका कादंबरीला पुरून उरेल एवढें द्रव्य होतें. कायद्याचे हे प्राध्यापक युद्धांत जर्मन सैन्याचे अधिकारी होते. १९४४ सालीं शेरबुर्ग येथें ते अमेरिकनांच्या हातीं सांपडले, आणि अमेरिकेंत मिसिसिपी राज्यांतील युद्धकैद्यांच्या छावणींत त्यांनीं कैद्यांसाठीं एक विद्यापीठच चालविलें. पुढें ते पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्रखात्यांत असतांना १९५५ मध्यें जें धोरण त्यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें तें असें: जें राष्ट्र पूर्व जर्मनीस मान्यता देईल त्याच्याशीं पश्चिम जर्मनीनें राजनैतिक संबंध ठेवूं नयेत. म्हणजे सगळ्या जर्मन राष्ट्राच्या वतीनें बोलण्याचा हक्क आपल्या एकाच सरकारचा, असा आग्रह ज्या धोरणांत होता त्याला या मनुष्याचें नांव होतें; राष्ट्राचें विसर्जन करावयास निघालेला तो ऋषि नव्हता. पोलंडशीं तर त्या काळीं पश्चिम जर्मनीचे राजनैतिक संबंधच नव्हते. ते १९७२ मध्यें जुळले. १९५८ सालीं ऑशविट्झला जाऊन एका जर्मनानें नव्या युरोपचें मंगलाचरण करावें, ही कल्पना किती दूरची होती तें एवढ्यावरून कळावें. जर्मन सरकारच्या प्रमुखाचें मस्तक पोलंडच्या भूमीवर लवलेलें जगानें पाहिलें तें १९७० च्या डिसेंबरांत, विली ब्रांट वॉर्सा येथें स्मारकापुढें गुडघे टेकून बसले तेव्हां. आणि त्या वेळीं ते एक शब्दहि बोलले नाहींत.

आणि १९६५ चा प्रसंग पाहा. संघाला स्वतःचें उत्पन्न असावें, दर वेळीं राष्ट्रांच्या दारीं वर्गणी मागण्याची पाळी येऊं नये, अशी योजना हालश्टाइन यांनीं पुढें केली. फ्रान्सचे अध्यक्ष द गोल यांना तींत राष्ट्राच्या तिजोरीवर घातलेला हात दिसला. जुलैपासून त्यांनीं आपले प्रतिनिधि परिषदेंतून काढून घेतले, आणि सुमारें सहा महिने ब्रुसेल्सच्या बैठकींत फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली. १९६६ च्या जानेवारींत लक्झेंबर्ग येथें तडजोड झाली. एखाद्या राष्ट्राचें अत्यंत महत्त्वाचें हित गुंतलें असेल तेथें एकमत होईपर्यंत चर्चा चालावी, असा फ्रान्सचा आग्रह, आणि इतरांनीं तो नोंदवून घेतलेला. व्यवहारांत हा नकाराचा हक्कच झाला. पुढच्याच वर्षीं हालश्टाइन पायउतार झाले. एका बाजूला राष्ट्राच्या उन्मादानें राष्ट्राचें काय झालें तें पाहिलेला प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला त्याच युद्धांत गमावलेलें राष्ट्र लढून परत मिळविलेला सेनापति. दोघेहि आपापल्या जागीं खरे, आणि दोघांच्या मध्यें एक रिकामी खुर्ची! हा प्रसंग घेतला असता तर प्रतिपक्षाला आपोआप आवाज मिळाला असता, आणि एकहि अवतरण बनवावें लागलें नसतें.

मग मेनासे यांनीं बनावट स्मृतीचा आश्रय कां केला? त्याचें उत्तर केवळ त्यांच्या स्वभावांत नाहीं. संघापाशीं स्वतःच्या आठवणी फार थोड्या आहेत, ही अडचण खरीच आहे. २००२ सालीं प्रचारांत आलेल्या युरो नोटा घ्या. त्यांवर दरवाजे, खिडक्या व पूल यांचीं चित्रें आहेत. पण त्यांतील एकहि पूल त्या वेळीं पृथ्वीवर कोठें नव्हता. खरा पूल काढावा तर तो कोणत्या तरी एका राष्ट्राचा होणार आणि बाकीचीं रुसणार. म्हणून रॉबर्ट कालिना या चित्रकारांनीं (हेहि ऑस्ट्रियनच) कोणाचेच नसलेले पूल काढले. पुढें गंमत अशी झाली कीं, हॉलंडांतील स्पाइकनिसे या गांवानें नोटांवरचे ते सातहि पूल त्याच रंगांत प्रत्यक्ष बांधून काढले. २०१३ पर्यंत तें काम पुरें झालें. कोणाचा हक्क सांगितला जाऊं नये म्हणून जे पूल कल्पिले, ते अशा रीतीनें एका गांवाचे झाले! २०२५ सालीं संघाच्या बॅंकेनें नव्या नोटांसाठीं दोन विषय पुढें ठेवले: एक, बेथोव्हेन, मारी क्यूरी, सर्व्हांटिस यांच्यासारख्या थोर व्यक्तींचा, दुसरा, नद्या आणि पक्षी यांचा. पक्ष्यांस राष्ट्रीयत्व नसतें, हा त्यांचा अशा प्रसंगीं फार मोठा गुण.

जकात, चलन, समुद्रांत मासे कोणी किती धरावे, या सर्व बाबतींत सार्वभौमत्वाचे भाग पाडून ते कलमवार वांटून देतां येतात, आणि युरोपनें तें करून दाखविलें आहे. परंतु कोणत्या गोष्टीच्या आठवणीनें आपला कंठ दाटून यावा, हें करारांत लिहितां येत नाहीं. मेनासे यांस ही उणीव इतरांहून अधिक तीव्रतेनें जाणवली होती. म्हणूनच त्यांची चूक आम्ही क्षुद्र समजत नाहीं. पण ऑशविट्झच्या बाबतींत तरी त्यांनीं थांबावयास हवें होतें. तेथें जें झालें तें झालेंच नाहीं असें म्हणणारीं माणसें युरोपांत अद्यापि आहेत. अशा जागेविषयीं न झालेली एक गोष्ट झाली म्हणून सांगणें, मग ती कितीहि उदात्त हेतूनें सांगितलेली असो, म्हणजे त्या माणसांच्या हातीं आपण होऊन काठी देणें. आणि गरज तरी कोठें होती? ज्या ग्रंथकारापाशीं दे फ्रीन्ड आहे त्याला हालश्टाइनच्या भाषणावांचून काय अडलें होतें?

कादंबरीचा शेवट ब्रुसेल्सच्या भुयारी रेल्वेंतील स्फोटानें होतो. २२ मार्च २०१६ रोजीं त्या शहरांत जो घातपात झाला त्याची छाया त्यावर आहे. हा शेवट थोडा घाईचा वाटला. खुनाच्या तपासाचें जें उपकथानक मध्यें येतें, तें आम्हांस आरंभापासूनच उपरें वाटलें, व तें अर्धवट सोडून दिल्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आम्हांस जर्मन येत नसल्यानें भाषांतराच्या यथार्थतेविषयीं बोलण्याचा अधिकार नाहीं. इंग्रजी मात्र सहज व विनोदाला अनुकूल आहे, आणि कचेरींतील भाषेचा कोरडेपणा त्यांत चांगला उतरला आहे. संघाच्या कारभाराची मुळींच माहिती नसलेल्या वाचकानेंहि हें पुस्तक हातीं घेण्यास हरकत नाहीं. वर सांगितलेली गोष्ट ठाऊक असूं द्यावी, म्हणजे झालें.

२०२२ सालीं मेनासे यांची ‘विस्तार’ ही पुढची कादंबरी निघाली. संघांत येऊं पाहणारा आल्बेनिया हा तिचा विषय असून, त्या देशाचा राष्ट्रवीर स्कंदरबेग याच्या शिरस्त्राणाभोंवतीं तिचें कथानक फिरतें. हें शिरस्त्राण व्हिएन्नाच्या संग्रहालयांत खरोखरच आहे. त्या ग्रंथाचा परामर्श पुढें केव्हां तरी घेऊं.